पायलटची यादी, तुमच्या दुकानात

बिरसीचं विमानतळ माहीत आहे ना? आज गोंदिया जिल्ह्यात, १९९९ पर्यंत आपल्याच भंडाऱ्यात. तिथे पायलट घडतात. शिकाऊ असो की अनुभवी, उडण्याआधी प्रत्येक पायलट यादी बघून एकेक गोष्ट तपासतोच.

ही सवय आली कुठून? ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत बोईंगचं नवं बॉम्बर उडताच कोसळलं. दोघांचा जीव गेला. पायलट कसलेले होते, फक्त एक लॉक काढायचं राहिलं! त्यानंतर चेकलिस्ट आली.

आता तुमचं बघा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. पुन्हा शिरलं तर?

१. माल उंचावर आहे?
२. विमा चालू आहे? त्यात पूर येतो?
३. उधारीच्या वहीची नक्कल दुसरीकडे आहे?
४. तीन महिन्यांचं भाडं-पगार बाजूला आहे? विमानातही जास्तीचं इंधन ठेवतातच.

या चार ओळी आजच गल्ल्याजवळ चिकटवा. दर एक तारखेला मोठ्याने वाचा. "मला सगळं पाठ आहे" म्हणू नका. त्या पायलटांनाही पाठच होतं.