सोमवार ते शनिवारचा धर्म

ख्रिस्ती माणसाचा धर्म म्हटला की इतरांच्या डोळ्यांसमोर रविवार उभा राहतो. चर्चची घंटा, ठेवणीतले कपडे, डिसेंबर उजाडला की केक. उरलेले सहा दिवस हाच माणूस शाळेत फळ्यापुढे उभा असतो, बँकेत बसतो, रुग्णालयात रात्रपाळी करतो. तिथे त्याच्या श्रद्धेचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

बायबलात मात्र कामकरी माणसांचीच वर्दळ आहे. येशू सुतार, पेत्र मासेमार, लूक वैद्य. पौल गावोगाव उपदेश करत हिंडला, पण पोटासाठी तंबू बनवत राहिला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मठवाशांचं पाचारण श्रेष्ठ आणि चांभाराचं कनिष्ठ ही उतरंडच मोडीत काढली. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातला ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबता राबता देवाशी बोलत असे आणि पुढे मठातल्यांच्या चपला दुरुस्त करत असे. सावता माळ्याच्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये.

पण मुदपाकखान्यातली भक्ती एकट्याची असते. ज्या कामात ज्ञान, पैसा आणि अधिकार हातात येतात, तिथे श्रद्धा कशी पाळायची? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर नगर जिल्ह्यातल्या जामखेडला सापडतं.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, शिक्षकांच्या घरातले. डॉ. मेबल यांचे वडील धर्मविद्यालयात प्राध्यापक. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकली. 1960 मध्ये लग्न झालं, तेव्हाच खेड्यातल्या उपेक्षितांसाठी काम करायचं असं त्यांनी ठरवलं. पुढे नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं काढली. तिथे रोजची रांग पाहून त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत. आपण बरं करून घरी पाठवतो आणि माणूस तेच पाणी पिऊन परत येतो. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून 1970 मध्ये ती दोघं जामखेडला आली. दुष्काळी मुलूख, ज्वारी-बाजरीची शेती, पावसाचा भरवसा नाही. तिथे गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं.

आधी त्यांनी गावांत प्रशिक्षित परिचारिका पाठवल्या. ते फसलं. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या नर्सताईंना सुरक्षित वाटेना आणि गावातल्या बायकांना त्या आपल्या वाटेनात. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. गरोदर बाईला कधी तपासायचं, अवघडलेली बाळंतीण वेळेवर कशी ओळखायची, नाळ कापायला ब्लेड निर्जंतुक कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर किंवा गूळ घालून कसं पाजायचं, हे सगळं त्यांना शिकवलं गेलं. आणि औषधांइतकाच वेळ त्यांचा आत्मविश्वास घडवण्यात गेला. जिने आयुष्यभर पंचांपुढे मान वर केली नाही, तिला त्यांच्याच सुनेचं बाळंतपण करायचं होतं. वेगवेगळ्या जातींच्या या बायका जामखेडला एकत्र जेवल्या, एकत्र झोपल्या. सत्तरच्या दशकात ही गोष्ट शस्त्रक्रियेइतकीच अवघड होती.

डॉक्टरकी हा आपल्याकडे मानाचा आणि मक्त्याचा धंदा. आपली विद्या अंगठेबहाद्दर बाईच्या हाती सोपवायची, म्हणजे आपल्या मानाला आपणच कात्री लावायची. ‘शिकल्यासवरल्यांचं काम या काय करणार?’ हा प्रश्न तेव्हा विचारला गेलाच, आजही विचारला जातो. शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतो. ते गुलामाचं काम होतं. पेत्राला तर ते सहनच होत नाही. आरोळे दांपत्याच्या कामात तो प्रसंग मला भाषणाशिवाय दिसतो.

कुष्ठरोग्यांचंही तसंच. येशूने त्यांना हात लावला, हे प्रत्येक ख्रिस्ती मुलाला रविवारच्या शाळेत शिकवतात. जामखेडला त्यांची वेगळी वसाहत उभारली नाही. इतरांबरोबरच त्यांच्यावर उपचार झाले आणि ते आपापल्या गावात राहिले. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा डॉक्टर विहिरी, हातपंप आणि पोरांच्या पोटात दोन घास कसे जातील याच्या मागे लागले. शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी राहिली. 1971 मध्ये या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला.

‘सेवेआड धर्मांतर’ हा संशय आपल्याकडे जुना आहे आणि तो निव्वळ हवेतून आलेला नाही. मिशनच्या अनेक दवाखान्यांत औषधाआधी प्रवचन ऐकावं लागे, हे नाकारण्यात अर्थ नाही. रुग्णाच्या गरजेला आमिषाची जागा केली, की श्रद्धा आणि वैद्यकी दोन्ही हलकी होतात, असं मला वाटतं. त्याच परंपरेत दुसरा धागाही आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस मिरजेला आले, 1894 मध्ये त्यांनी तिथे रुग्णालय उभं केलं आणि शस्त्रक्रियांसाठी मिरजेचं नाव दूरवर नेलं. पण सगळं कसब आपल्यापाशी न ठेवता त्यांनी भारतीय तरुणांनाही वैद्यकी शिकवली. सांगली-मिरजेच्या मधली वॉन्लेसवाडी त्यांचंच नाव सांगते. जामखेडने हाच धागा आणखी खाली, गावकुसाबाहेरच्या घरापर्यंत नेला.

कामाच्या जागी श्रद्धा म्हणजे टेबलावर वचनाचं कॅलेंडर आणि जेवणाच्या सुट्टीतली प्रार्थना, एवढीच अनेकांची समजूत असते. दोन्हींत वाईट काही नाही. पण तेवढ्याने साहेबाचं शिपायाशी बोलणं बदलत नाही आणि खरेदीच्या फायलीतलं खोटं बिलही पकडलं जात नाही. आरोळेंच्या दवाखान्यात आलेल्याला ते ख्रिस्ती आहेत का, हे विचारावं लागलं नसेल. आपल्याला ताटकळत ठेवलं नाही, एवढं मात्र त्याला कळलं असेल.

दोघांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 1990 मध्ये पद्मभूषण. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे नेलं. सरकारने 2005 पासून देशभर ‘आशा’ नेमल्या, तेव्हा गावच्याच बाईच्या हाती आरोग्य सोपवण्याचा जामखेडचा अनुभव तीन दशकांहून जुना होता. फरक एवढाच, की जामखेडला त्या बाईला आधी माणूस म्हणून उभं केलं जाई. सरकारी यंत्रणेत तिच्या वाट्याला रजिस्टरं जास्त येतात आणि मानधन वेळेवर येत नाही.

नगरहून बीडकडे जाताना जामखेड लागतं. तुमच्या गाडीत कुणी वैद्यकीय विद्यार्थी असेल, तर तिथे थांबा आणि त्याला आधी गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांना भेटवा, डॉक्टरांना नंतर.