घर आपले, पण कागद कुणाच्या नावावर? गावातील घराचा विमा आणि बांधकामाचे नियम

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये महाड-चिपळूण, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा. पाणी ओसरल्यावर पंचनामा सुरू होतो आणि पहिला प्रश्न येतो: घर कुणाच्या नावावर आहे? आपल्या कित्येक वस्त्यांत याचे उत्तर "आजोबांच्या" किंवा "नावावर नाही, पण राहतो आम्हीच" असे असते. जुनी वस्ती गावाबाहेर, अनेक ठिकाणी ओढ्याकाठी किंवा सखल जागी. म्हणजे पाणी आधी आपल्या दारात येते आणि मदत मात्र कागदावरून ठरते.

गावातल्या घराचा विमा काढता येतो, हे अजून अनेकांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनाही विमा, बांधकाम परवानगी आणि घराचा उतारा या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हे कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे

आपत्ती आली की सरकार पैसे देईल, असे आपण गृहीत धरतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष पाहा. पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. राज्य सरकार कधी त्यात भर घालते, पण एवढ्यात भिंतही नीट उभी राहत नाही. ही तातडीची मदत आहे. घर पुन्हा बांधण्याचा खर्च देणे हा तिचा हेतूच नाही. तो खर्च विम्यातून मिळू शकतो.

'भारत गृह रक्षा' काय देते?

विमा नियामक 'इर्डाई'च्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, भूस्खलन, दंगल, पाण्याची टाकी फुटणे हे सारे तिच्यात येते. अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीही येते.

विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. समजा घराचे चटई क्षेत्र ४०० चौरस फूट आहे आणि तुमच्या भागात बांधकामाचा दर चौरस फुटाला १,५०० रुपये आहे, तर रक्कम झाली ६ लाख. घराचा विमा काढला की त्यातील सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. वरच्या उदाहरणात ते १ लाख २० हजार होते. भांडी, धान्य, टीव्ही, शिलाई मशीन यांची वेगळी यादी द्यावी लागत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी, कारण एजंट त्या सांगत नाही.

घराचे चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढवले आणि कंपनीला कळवून वाढीव हप्ता भरला नाही, तर त्या वाढीव बांधकामाला संरक्षण नाही. मुलाच्या लग्नासाठी वर दोन खोल्या चढवल्या, पण पॉलिसी जुनीच ठेवली, तर त्या दोन खोल्या उघड्यावर आहेत असे समजा.

जमीन खचून नुकसान झाले आणि त्याचे कारण सदोष आराखडा, निकृष्ट साहित्य किंवा कच्चे काम असेल, तर दावा अडतो. नव्या बांधकामाला बसताना पडणाऱ्या साध्या भेगाही धरत नाहीत.

सरकारी आदेशाने घर पाडले किंवा ताब्यात घेतले, तर त्याची भरपाई विमा देत नाही.

घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी असेल, तर ते अर्जात लिहाच. व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. गवत, बांबू, ताडपत्री किंवा लाकडी फळ्यांच्या भिंती वा छत असलेल्या घराला पॉलिसीच्या भाषेत कच्चे बांधकाम म्हणतात. तुमचे घर तसे असेल तर विमा मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना घर महिनोन्महिने बंद राहणार असेल, तर तेही लेखी कळवा.

नमुना ८, नमुना ८-अ आणि मिळकत पत्रिका

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद. त्यावर नाव असणे उपयोगाचे आहे, पण तो मालकीचा अंतिम पुरावा नाही. तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हींची गल्लत होते आणि अर्ज परत येतो.

गावठाणातील घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना सुरू झाली. ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. विमा असो वा बँकेचे कर्ज, हा कागद नमुना ८ पेक्षा भक्कम आहे. आपल्या गावची मोजणी झाली का, आपल्या वस्तीतील घरे नकाशात आली का, नाव आणि क्षेत्र बरोबर आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात तपासा. आजोबांच्या नावावर घर असेल तर आधी वारस नोंद करा. नोंद करताना घरातील बाईचे नाव सोडू नका.

बांधकामाला परवानगी लागतेच

"गावात कोण विचारतो?" हे वाक्य महागात पडते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ नुसार गावात घर बांधायला किंवा पुन्हा उभारायला ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. गावात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचना खात्याकडे जाण्याची गरज नाही, असे राज्य सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. त्याचा अर्थ नियम संपले असा नाही. मालकीचे कागद, आराखडा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो. त्याची शिक्का मारलेली पोच घरी ठेवा. शेतजमिनीवर घर बांधायचे असेल तर आधी अकृषिक वापराचा प्रश्न सोडवा.

नदीकाठच्या गावांनी निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे घर नको, आणि दोन रेषांच्या मध्ये बांधताना जोते उंच हवे.

नियम जीव कसा वाचवतात हे किल्लारीने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. जोते, चौकटीवर आणि छताखाली सलग पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, एवढे घरकुल बांधतानाही करता येते. रमाई आवासचे २६९ चौरस फुटांचे घर असले तरी गवंड्याला हे सांगा. घरकुल मंजूर झाले म्हणजे विमाही आपोआप झाला, असे समजू नका.

गायरानावरच्या घरांचे काय?

आपल्या समाजाचा खरा पेच इथे आहे. अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या गायरानावर राहतात. जागा नावावर नाही म्हणून मिळकत पत्रिका नाही, परवानगी नाही, विम्याचा दावा कमकुवत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर गावोगावी नोटिसांची धास्ती पसरली होती.

सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल अतिक्रमण काढण्यासाठी नेहमी पुढे केला जातो. पण त्याच निकालात अपवादही आहे: सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदार यादीतील नोंदी आणि जुना पट्टा असल्यास तो जोडा. विमा हे या लढ्याचे उत्तर नाही. जागेचा हक्क मिळाल्यावरच विम्याचा खरा उपयोग होतो.

दावा करताना

नुकसान दिसताच कंपनीला कळवा. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सर्व्हेअर येईपर्यंत पडझड शक्यतो हलवू नका, आणि हलवावीच लागली तर आधी फोटो काढा. चोरी असेल तर पोलिसांत नोंद करा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकिलाची गरज नाही. इर्डाईचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे.

तरुणांनी हाती घ्यावे असे काम

आम्हाला वाटते, प्रत्येक वस्तीतील चार-पाच तरुणांनी येत्या पावसाळ्याआधी घरनिहाय वही करावी: नाव कुणाचे, नमुना ८ आहे का, मिळकत पत्रिका आहे का, वारस नोंद झाली का, पूररेषेत येते का, विमा आहे का. रविवारी विहारात ती वाचावी आणि पुढच्या ग्रामसभेत अर्ज एकत्र द्यावेत. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, चाळीस घरांचा अर्ज ठरावात येतो. त्याच बैठकीत विहाराच्या इमारतीचाही विचार करा. ही पॉलिसी राहत्या घरांसाठी आहे, विहारासाठी समितीच्या नावाने वेगळी काढावी लागते.

बाबासाहेबांनी आपल्याला हक्क कायद्यात लिहून दिले. ते आपल्या घराच्या कागदावर उतरवून घेणे हे आपले काम आहे.

जय भीम!