पक्षिनिरीक्षकांची बोली आणि शाळेची नोंदवही

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षिसप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांना जोडणारा हा आठवडा शासनाने २०२० साली त्यासाठी ठरवून दिला. या सुमारास शहरांतील पक्षिनिरीक्षक गळ्यात दुर्बीण अडकवून खेड्यांतील तळ्यांवर व माळांवर येतात आणि पुष्कळदा शाळेतही डोकावतात. त्यांच्या तोंडचे ‘लायफर’, ‘टिक’, ‘जिझ’ असे शब्द ऐकून शिक्षक बुजतो. आणि ज्या मुलांना शिवारातील वीस-पंचवीस पाखरे नावानिशी ठाऊक असतात, तीही मान खाली घालून गप्प बसतात.

असे बुजण्याचे वस्तुतः कारण नाही. प्रत्येक व्यवसायाला व छंदाला स्वतःची बोली असते. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवितात; नवख्याला त्यातील काही उमगत नाही, परंतु रीत एकदा समजली की गूढ उरत नाही. पक्षिनिरीक्षकांच्या शब्दांचेही तसेच आहे. त्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

१. यादीचे शब्द

पुष्कळ निरीक्षक आयुष्यात पाहिलेल्या सर्व पक्ष्यांची एक यादी ठेवतात. तिला ‘लाइफ लिस्ट’ म्हणतात. जो पक्षी त्या यादीत प्रथमच दाखल होतो तो ‘लायफर’, आणि यादीतील नावापुढे केलेली खूण म्हणजे ‘टिक’. एखादा पक्षी पाहण्यासाठी मुद्दाम जावे आणि तो दिसू नये, याला ‘डिप’ होणे म्हणतात. दुर्मिळ पक्षी आल्याची वार्ता कळताच शेकडो मैल धाव घेणाऱ्यास ‘ट्विचर’ हे नाव आहे. हा शब्द इंग्लंडात १९५० च्या दशकात रूढ झाला. मोटारसायकलवर मागे बसून थंडीत कुडकुडत येणाऱ्या एका निरीक्षकावरून तो पडला, असे सांगतात.

या गटातील शब्द हौसेचे आहेत. ते ठाऊक असावेत. तथापि चांगला निरीक्षक होण्यासाठी अशी धावाधाव करण्याची गरज नाही. शाळेच्या कुंपणावर रोज येणारा कोतवाल किडे कसे टिपतो, हे वर्षभर पाहणारा विद्यार्थी अधिक शिकतो.

२. ओळखीचे शब्द

पक्षी ओळखण्याच्या ठळक खुणांना ‘फील्ड मार्क’ म्हणतात. डोळ्यावरील रेघ ही भुवई, डोक्यावरील रंग ही टोपी, उभी पिसे ही शेंडी, असे हे वर्णन असते. मराठी नावांत या खुणा पूर्वीपासूनच गोवलेल्या आहेत. लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखालील लाल रंग त्याच्या नावातच आहे. हळद्याचा पिवळा रंग, चष्मेवाल्याच्या डोळ्यांभोवतीचे पांढरे कडे यांचेही तसेच. शिंपी व सुगरण यांच्या नावांत तर त्यांचे घरटे बांधण्याचे कसब आले आहे.

चंडोल, तिरचिमणी, वटवट्या असे लहान, तपकिरी व एकमेकांसारखे दिसणारे पक्षी नवशिक्याला चकवितात. त्यांना इंग्रजीत ‘एलबीजे’, म्हणजे ‘लिटल ब्राऊन जॉब’, असे थट्टेने म्हणतात. अनुभवी निरीक्षकही कित्येकदा एवढीच नोंद करून पुढे जातो. ओळख न पटल्याचे मान्य करण्यात कमीपणा नाही, हे या शब्दातून शिकण्यासारखे आहे.

‘जिझ’ हा शब्द मात्र विशेष महत्त्वाचा. रंग वा आकार नीट न दिसताही, पक्ष्याच्या एकंदर ढबीवरून, चालीवरून व उडण्याच्या तऱ्हेवरून त्याची जी ओळख पटते, ती म्हणजे जिझ. धोबी शेपटी सतत खालीवर हलवितो. टिटवी थोडी धावते, थांबते, वाकून टिपते व पुन्हा धावते. हा शब्द टी. ए. कॉवर्ड या इंग्रज पक्षिअभ्यासकाने १९२१ साली छापील लेखनात आणला. आणि तो आपण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका रहिवाशाकडून ऐकला, असे त्याने नमूद केले. तो मनुष्य किनाऱ्यावरचे पक्षी एका दृष्टिक्षेपात ओळखी. अर्थात ज्या शब्दाने खेड्यातील मूल आज बुजते, तो शब्द एका खेडुताच्याच तोंडून पुस्तकात गेला आहे. दूरवर चाललेला माणूस केवळ चालीवरून ओळखणाऱ्या गुराख्याला जिझ शिकवावा लागत नाही. त्याचे नाव तेवढे सांगावे लागते.

३. सचोटीचे शब्द

जो निरीक्षक पुरेशा पुराव्यावाचून दुर्मिळ पक्षी पाहिल्याचे वारंवार सांगतो, त्यास ‘स्ट्रिंगर’ म्हणतात. या बोलीतील हा सर्वांत कठोर शब्द होय. खोट्या नोंदीने किती हानी होते, याचे उदाहरण महाराष्ट्राशीच निगडित आहे.

रानपिंगळा या लहान घुबडाचा अखेरचा खरा नमुना १८८४ साली मिळाला होता. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे एक नमुना मिळविल्याचे दर्शविले. प्रत्यक्षात तो संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. त्या चिठ्ठीमुळे शोधाची दिशा दीर्घकाळ चुकत राहिली. पामेला रासमुसेन या संशोधिकेने ती नोंद बाजूस ठेवली व जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवरून शोध घेतला. तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी, खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. एका खोट्या ओळीने जो लपविला, तो खऱ्या नोंदींनी परत मिळवून दिला.

‘प्लेबॅक’ हा शब्दही शिक्षकाने जाणून घ्यावा. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यास जवळ बोलाविणे, असा त्याचा अर्थ. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला असे समजून पक्षी पिले वा अंडी सोडून धावून येतो. विणीच्या काळात हा प्रकार घातक असल्याने कोणी पाहुणा भ्रमणध्वनीवर असा आवाज लावू लागल्यास शिक्षकाने त्यास नम्रपणे थांबवावे.

शाळेत काय करावे

प्रत्येक शाळेने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे गावातील नाव, तो काय करीत होता व कोणी पाहिला, हे रकाने असावेत. शेवटचा रकाना ‘खात्री की शंका’ असा ठेवावा आणि ‘शंका’ लिहिणाऱ्या मुलाची विशेष प्रशंसा करावी.

गावातील नाव पुस्तकातील नावाहून निराळे असल्यास ते खोडू नये. दोन्ही शेजारी शेजारी लिहावीत. गटागटाने वावरणाऱ्या पक्ष्यांना ‘सातभाई’, किंवा पावसाच्या तोंडी ‘पेर्ते व्हा’ असे सांगणाऱ्यास ‘पावशा’, ही नावे कोणा समितीने दिलेली नाहीत. ती शेतात काम करणाऱ्यांच्या कानाडोळ्यांची कमाई आहे. वृद्ध माणसांबरोबर अशी नावे लोपत आहेत. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून आठवड्याला एक नाव आणले, तरी वर्षअखेर शाळेपाशी मोलाचा संग्रह होईल.

पुढील पक्षिसप्ताहात पाहुणे येतील, तेव्हा त्यांच्या ‘जिझ’चा अर्थ मुलांना ठाऊक असावा, आणि मुलांच्या वहीतील एखादे नाव पाहुण्यांनी उतरून घ्यावे, एवढी तयारी शिक्षकाने आजपासून आरंभावी.