गोळी विसरलेली नसते

अँजिओप्लास्टी होते, छातीतली कळ थांबते आणि काही महिन्यांत गोळ्यांचा डबा कपाटात मागे सरकतो. घरचे याला विसराळूपणा म्हणतात, डॉक्टर हलगर्जीपणा. मला हे दोन्ही शब्द अन्यायाचे वाटतात. ‘ब्लॉकेज काढलं, मग आता औषध कशाला?’, ‘ही औषधं उष्ण पडतात’, ‘एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते’, असं म्हणणारा माणूस विसरलेला नसतो. त्याने हिशेब मांडून निर्णय घेतलेला असतो. ब्रिटनमधल्या रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हाच हिशेब अभ्यासला. औषधाची गरज किती वाटते आणि धास्ती किती वाटते, हे त्याचे दोन रकाने. पुढे २०१३ मध्ये हॉर्न यांच्या गटाने ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गरज पटलेले रुग्ण औषध अधिक नियमित घेताना दिसले आणि धास्ती जास्त तिथे खंडही जास्त. हृदयविकारात तर पहिला रकाना रिकामा राहण्याचीच शक्यता मोठी, कारण कोलेस्टेरॉल दुखत नाही आणि एक गोळी चुकली म्हणून संध्याकाळी काही बिघडत नाही. धमनीत बसवलेल्या स्टेंटवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोजची गोळी असते, हे कोणी सांगितलंच नसेल तर रुग्णाचा हिशेब चुकणारच.

पण औषधाने त्रास खरोखरच होतो, त्याचं काय? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०२० मध्ये याची सुंदर परीक्षा घेतली. त्रासामुळे स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात चार महिने स्टॅटिन, चार महिने औषध नसलेली हुबेहूब गोळी आणि चार महिने काहीच नाही, असं उलटसुलट क्रमाने दिलं. त्रासाचे सरासरी गुण गोळी नसताना ८, नुसत्या गोळीने १५.४ आणि स्टॅटिनने १६.३ आले. दुखणं खरं होतं, पण त्यातलं बहुतेक गोळी घेण्याच्या धास्तीतून आलेलं होतं. स्टॅटिनने स्नायूंना क्वचित खरी इजा होते, म्हणून तक्रार तपासलीच पाहिजे. तरीही स्वतःचेच आकडे पाहिल्यावर यातल्या निम्म्या जणांनी औषध पुन्हा सुरू केलं. त्यांना कोणी खोटं पाडलं नव्हतं, पुरावा हातात दिला होता.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. २०११ च्या ‘प्युअर’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत गरीब देशांतले हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले ८० टक्के रुग्ण एकही आवश्यक औषध घेत नव्हते. तिथे समजुतींना दोष देणं क्रूरपणाचं ठरेल. पण त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना औषधं फुकट दिली, तेव्हा नियमितपणा जेमतेम चार ते सहा टक्क्यांनी वाढला. म्हणजे स्वस्त औषध हवंच, पण तेवढ्याने दुसरा रकाना पुसला जात नाही. तो पुसायला डॉक्टरांना वेळ कुठे, हे खरंच. मात्र हे काम त्यांनीच करावं असं नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत ८०६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन बोलत राहिले. वर्षाअखेरीस त्यांच्या रुग्णांपैकी ९७ टक्के औषध नियमित घेत होते, इतरांपैकी ९२ टक्के. फरक लहान दिसतो, पण तो असं बोलत राहिल्याने पडला. एरवी ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात, ‘गोळी घेताना मनात काय येतं?’ हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.