जुन्या मोटारीचें दार

पावसाळ्यांत घराचें दार फुगतें, चौकटींत अडकूं लागतें आणि सुताराला बोलावणें जातें. सुतार रंधा मारतो, दार मोकळें होतें. पण पाऊस सरून ऊन तापूं लागलें, कीं त्याच दाराच्या कडेनें पेन्सिल शिरेल एवढी फट दिसते. दोष हवेंतील ओलाव्याचा होता. शिक्षा मात्र दाराला झाली. जुनी मोटार नव्यानें उभी करणाऱ्या हौशी माणसाच्या हातून नेमकी हीच चूक होण्याचा संभव असतो, आणि तेथें तिची किंमत पुष्कळच अधिक पडते.

आजच्या मोटारीचें शरीर पोलादी पत्र्याचें असून तें यंत्राच्या ठशाखालीं दाबून घडवितात. एका ठशांतून निघालेलीं हजार दारें एकमेकांसारखींच असतात. अमेरिकेंत १९१४ सालीं डॉज बंधूंची मोटार बाजारांत आली, तेव्हांपासून पोलादी शरीराची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पसरूं लागली. परंतु घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांची परंपरा तेवढ्यानें संपली नाहीं. इंग्लंडांत लांकडी सांगाड्यावर पत्रा मढविण्याची रीत पुढेंही बराच काळ चालू होती. ॲबिंग्डन येथें १९४५ पासून १९४९ पर्यंत तयार झालेली एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ ही दोन आसनांची उघडी गाडी या रीतीचें चांगलें उदाहरण होय. अशा सुमारें १०,००० गाड्या बाहेर पडल्या. त्यांचा सांगाडा ॲश नांवाच्या लांकडाचा असे. इंग्लंडांत कुऱ्हाडींचे व हातोड्यांचे दांडे याच लांकडाचे करीत. कारण तें चिवट असून धक्का सोसतें. ओलाव्यापुढें मात्र त्याचा टिकाव लागत नाहीं. पत्र्याआड शिरलेलें पावसाचें पाणी खालीं उतरून सांठतें, आणि खांबांचे पाय व उंबरठ्याचें लांकूड आधीं कुजतें.

पुढचा खांब, मागचा खांब आणि खालचा उंबरठा या तिघांनीं मिळून दाराची जागा ठरते. बंद गाडींत छप्पर दोन्ही खांबांना वरून धरून ठेवतें. उघड्या गाडींत वरची बाजू मोकळी असते. त्यामुळें उंबरठा थोडासा वांकला, तरी खांबांचीं डोकीं जागा सोडतात. उंबरठा मध्यें दबला, कीं खांब एकमेकांकडे कलतात आणि दार वरच्या बाजूस अडूं लागतें. तो मध्यें उचलला गेला, कीं खांब फांकतात आणि वरची फट रुंदावते. दाराच्या कडेची फट अशा रीतीनें खालच्या घडामोडींची बातमी देत असते. ती बातमी न वाचतां दाराची कड तासणें म्हणजे ताप अधिक दाखवितो म्हणून तापमापक फोडण्यासारखें आहे.

यासाठीं कामाचा क्रम नीट पाळावा लागतो. जुना सांगाडा चासीवरून उचलण्यापूर्वींच दोन्ही दारांच्या जागेंत आडव्या व तिरप्या पट्ट्या ठोकून खांब जखडून ठेवावे. नाहीं तर कुजलेलें लांकूड सुटतांच मूळ मापें कायमचीं नाहींशीं होतात. प्रत्येक जागेचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावे. एक बाजू फारच खराब झाली असेल, तर दुसरीचीं मापें उपयोगी पडतात. परंतु हातानें बांधलेल्या गाडींत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील, असा भरवसा धरूं नये.

नवा सांगाडा चढविण्याआधीं चासी पाणसळीनें समतल करून घ्यावी. मग सांगाडा वर नुसता ठेवावा. बोल्ट आवळण्याची घाई करूं नये. चासी आणि लांकूड यांमध्यें जेथें पोकळी दिसेल, तेथें पातळ पट्ट्या सारून ती भरून काढावी. पोकळी तशीच ठेवून बोल्टाच्या जोरानें लांकूड खालीं ओढलें, तर सांगाडा पिळला जातो आणि कालपर्यंत बरोबर बसणारें दार आज अडतें. दार वर अडत असेल, तर उंबरठ्याच्या मध्याखालीं एक पट्टी वाढवून पाहावी. पुष्कळदां तेवढ्यानें तें मोकळें होतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इंजिन, पेट्रोलची टाकी आणि आसनें यांचा भार आला, कीं चासी किंचित् वांकते. म्हणून अखेरची पारख गाडी सगळा भार घेऊन आपल्या चाकांवर उभी असतांनाच करावी.

त्यानंतर बिजागऱ्यांची पाळी. एका दाराच्या सर्व बिजागऱ्यांच्या खिळी एका सरळ रेषेंत हव्यात. तसें नसल्यास दार उघडतांना जड जातें आणि लांकडांतले स्क्रू हळूहळू उपटून निघतात. बिजागरीखालील पट्टीचा हिशेब सोपा आहे. दार ६० सेंटिमीटर रुंद आणि दोन बिजागऱ्यांत ३० सेंटिमीटर अंतर असें धरलें, तर खालच्या बिजागरीमागें १ मिलिमीटर जाडीची पट्टी घातल्यानें दाराची मोकळी कड २ मिलिमीटर वर उचलली जाते. लोंबणारें दार रंध्यावांचून असें जागेवर येतें.

फटीचा अंदाजही पत्रा चढविण्यापूर्वींच करावा लागतो. गाडी पुरी झाल्यावर ३ मिलिमीटर फट हवी असेल, तर लांकडांत तेवढीच ठेवून भागत नाहीं. १ मिलिमीटर जाडीचा पत्रा दाराच्या कडेवर मुडपला जातो आणि खांबाच्या कडेवरही तेवढाच येतो. म्हणजे लांकडांतील फट ५ मिलिमीटर हवी, आणि रंगाच्या थरांसाठीं आणखी थोडी. हा हिशेब चुकला, तर रंग दिलेलें दार खांबावर घासतें आणि नव्या रंगाचे पापुद्रे निघतात.

खटका सर्वांत शेवटीं बसवावा. दार खटक्याच्या जोरानें ओढून जागेवर आणण्याचा मोह अनेकांस होतो. पण त्यामुळें सगळा ताण खटक्यावर पडतो आणि तो लवकर झिजतो. ‘टी. सी.’ गाडीच्या बाबतींत तर हें धोक्याचें आहे. तिच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या खांबावर आणि खटका पुढच्या बाजूस असतो. चालत्या गाडींत खटका सुटला, तर समोरचा वारा दाराच्या फटींत शिरून तें धाडकन् उघडून टाकतो. छप्पर व पट्टे नसलेल्या गाडींत शेजारीं बसलेल्या माणसाच्या जिवाशींच मग गांठ पडते. म्हणून खटका न लावतांही दार आपल्या जागीं सहज टेकलें पाहिजे. खटक्यानें त्याला तेथें फक्त धरून ठेवावयाचें.

या सर्व कामांत पट्टी घालतां येते आणि काढतांही येते. उंबरठा बदलतां येतो, बिजागरी सरकवितां येते. तासलेली कड मात्र परत येत नाहीं. ज्या कारागिरानें तें दार घडविलें, त्याच्या हाताचें माप त्या कडेंतच उरलेलें असतें. तेव्हां दार अडलें, कीं रंधा हातांत घेण्याआधीं खालीं वांकून उंबरठा पाहावा, चासी पाहावी, बिजागऱ्या पाहाव्या. बहुतेक वेळां दोष तेथेंच सांपडतो आणि दाराला हात लावण्याची गरजच उरत नाहीं.