वाहतुकीचे गणित आणि माणसाची मोजदाद

शहरातील मोठा रस्ता कोठून निघेल, कोठे पोहोचेल आणि कोणाच्या वस्तीवरून जाईल, हे पहिली कुदळ पडण्याच्या पुष्कळ आधी कागदावर ठरलेले असते. त्या कागदामागे एक गणित असते. आम्ही इतिहासाचे अध्यापक. अभियांत्रिकी हा आमचा प्रांत नव्हे. परंतु या गणितालाही इतिहास आहे आणि तो आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी झपाट्याने वाढल्या. १९५३ ते १९५५ या काळात डेट्रॉइट शहरात जे. डग्लस कॅरोल यांच्या नेतृत्वाखाली वाहतुकीचा विस्तृत अभ्यास झाला. पुढे त्यांनीच शिकागोचा अभ्यास हाती घेतला. या अभ्यासांतून चार पायऱ्यांची पद्धत आकारास आली आणि ती जगभर पसरली.

पहिली पायरी फेऱ्यांच्या निर्मितीची. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागातून रोज किती फेऱ्या निघतात, हे लोकसंख्या, रोजगार व वाहने यांवरून काढतात. दुसरी पायरी वाटणीची. येथे गुरुत्वाकर्षणाचे सूत्र उपयोगी पडते: ठिकाण जितके मोठे तितकी ओढ अधिक आणि जितके दूर तितकी कमी. समजा, दोन मैलांवर १,००० रोजगार आहेत आणि चार मैलांवर ४,००० आहेत. ओढ अंतराच्या वर्गाने घटते असे मानल्यास पहिल्याची ओढ १,००० भागिले ४ म्हणजे २५०, तर दुसऱ्याची ४,००० भागिले १६ म्हणजे तीही २५० येते. म्हणून फेऱ्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातील.

तिसरी पायरी साधनाच्या निवडीची: माणूस बसने जाईल, रेल्वेने की मोटारीने? भाडे, प्रवासाचा वेळ व थांबण्याचा वेळ यांवरून हे ठरवतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ साली ‘बार्ट’ ही नवी रेल्वे सुरू झाली. तिचा वाटा १५ टक्के राहील, असा अधिकृत अंदाज होता. डॅनियल मॅक्फॅडन यांनी लोक प्रत्यक्ष निवड कशी करतात याचा अभ्यास करून ६.३ टक्के असा अंदाज दिला. प्रत्यक्षात वाटा ६.२ टक्के निघाला. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चौथ्या पायरीत या फेऱ्या रस्त्यांवर सोडतात आणि कोठे कोंडी होईल ते पाहतात.

मालवाहतुकीचे गणित निराळे असते. माल स्वतः मार्ग निवडत नाही. व्यापारी, वाहतूकदार व गोदामवाले मिळून तो ठरवतात. शिवाय माल उतरवून रिकामा परतणारा ट्रकही रस्ता व्यापतोच. मुंबईतील घाऊक बाजार वाशीला हलवले गेले आणि न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हा ट्रकांच्या वाटाच बदलल्या. म्हणून बाजार व बंदर कोठे असावे, हा प्रश्न मालवाहतूक नियोजनाचाच भाग ठरतो.

आता मूळ मुद्दा. मॉडेल जे मोजते, तेच त्याला दिसते. ज्या डेट्रॉइटमध्ये ही पद्धत घडत होती, त्याच शहरात त्या दशकांत ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती पाडली गेली आणि त्यांच्या दुकानांनी गजबजलेली हेस्टिंग्ज स्ट्रीट क्रायस्लर द्रुतगती मार्गाखाली गेली. तो निर्णय माणसांचा होता, सूत्राचा नव्हे. परंतु वाहनांचा वाचलेला वेळ मांडणाऱ्या हिशेबात उद्ध्वस्त शेजाराला रकानाच नव्हता.

दुसरी अडचण वेळेच्या किमतीची. रस्त्याचा लाभ काढताना वाचलेल्या तासाचे मोल बहुधा प्रवाशाच्या उत्पन्नावरून ठरवतात. मग मोटारीतील अधिकाऱ्याचा तास घरकाम करणाऱ्या बाईच्या तासाहून महाग ठरतो. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ सालच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे आढळले. तरीही पादचारी सोडून उरलेल्या फेऱ्यांचीच टक्केवारी चर्चेत आली, तर पदपथ नकाशातून निसटतो आणि उड्डाणपूल ठळक होतो.

म्हणून गणिताला दोष देऊन भागणार नाही. ते शिकून घेतले पाहिजे. सर्वेक्षक दारी आला, तर घरातील प्रत्येकाची फेरी सांगावी. शाळेत चालत जाणाऱ्या मुलीची आणि पहाटे भाजी आणणाऱ्या आजीचीही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार आपणांस आहे. मुदत टळण्यापूर्वी तो बजावावा. आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे उद्या नियोजनकार होतील, त्यांनी तक्ता भरताना एवढेच विचारावे: यात कोणाची मोजदाद राहून गेली?