गारेचा थर आणि ढगाचा माथा

२०१४च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू झालेली गारपीट मराठवाड्याला मार्चच्या मध्यापर्यंत झोडपत राहिली. काढणीला आलेली ज्वारी लोळली, हरभरा मातीत गेला. शिवार पांढरं झालं की हौशी मंडळींना काश्मीर आठवतं. ज्याचं पीक त्या थराखाली असतं, त्याला आठवत नाही.

काश्मीर आठवायचंच तर वेगळ्या कारणासाठी आठवावं. तिथे एकट्याने स्कीवर निघालेला जाणकार आधी उतार पाहतो, कारण हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. मग फावड्याने खड्डा खणून बर्फाचे थर तपासतो. ताज्या थराखाली साखरेसारखे सुटे कण लागले, तर मुकाट्याने मागे फिरतो.

थर गारेतही असतात. एखादी मोठी गार कापून पाहा. अतिथंड थेंब तिच्यावर आदळताच गोठले, तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी होतो. पाणी भरपूर असलं तर ते सावकाश गोठतं, हवा निसटते, थर पारदर्शक राहतो. गार ढगात वर-खाली फेऱ्या मारते म्हणूनच थर बनतात, असं आपण शिकलो. पण कमी-अधिक पाण्याच्या पट्ट्यांतून एकदाच जाऊनही ते बनू शकतात. अडचण एवढीच, की हे थर गार पडल्यावरच वाचता येतात.

म्हणून शेतातल्या आखाड्यावर एकट्या असलेल्या माणसाने ढग वाचायचा. तापलेल्या दुपारी ढग भराभर उंच चढतोय, माथा सपाट होऊन पसरतोय आणि एकाएकी थंड वारा सुटला, तर वेळ थोडा उरलाय. ढगाच्या हिरवट रंगावर भिस्त नको. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. पण पावसापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आलोच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं. गारेचा पट्टा मात्र इतका अरुंद असू शकतो, की एका गावाचं पीक जातं आणि शेजारचं कोरडं राहतं.

इंचाहून थोडी मोठी गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने येते. तिच्यापासून वाचायला माणूस झाडाखाली धावतो, नेमका विजेच्या तोंडी. झाडाखाली बांधलेली जनावरं आभाळ भरताना सोडून आणावीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पक्क्या छताखालून हलू नये.